सोबत एक इसम

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. अमरावती

आज एक जीप विकत घेतली. बायकोला, कुंदाला, अजून सांगितलेलं नाही. आधी वहीला सांगतोय, कारण वही उलट बोलत नाही.

अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे ती उभी होती. अंजनगाव सुर्जीच्या कुणा बागायतदाराने वीस-बावीस वर्षं तिच्यातून संत्री वाहिली. अंगाला पोपटी रंग, डोक्यावर पत्र्याचं छप्पर, चाकांत हवेऐवजी आशा. पण बॉनेटजवळचा पोपडा नखाने उचलला आणि खाली गडद निळा रंग निघाला. आणखी खरवडलं तर पांढऱ्या अक्षरांत ‘लीस’. पुढचं ‘पो’ गंजाने खाल्लेलं. मी तिथल्या तिथे भाव विचारला.

तीस वर्षं जिल्हा वार्ताहर म्हणून पोलीस जीपच्या मागे स्कूटर पळवली. खून असो, पूर असो, जीप आधी पोचायची आणि मी तिची धूळ खात मागून. एकाही फौजदाराने ‘या महाराज, पुढे बसा’ म्हटलं नाही. आता ही जीप नोकरीत होती तश्शी करायची, नटबोल्टसकट, आणि पुढच्या सीटवर बसायचं. लहानपणी संस्कृत पाठशाळेत गुरुजींनी चार पुरुषार्थ शिकवले. हा पाचवा मी स्वखर्चाने जोडला आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार

कुंदाला कळलं. म्हणाली, “बरं झालं. निदान माणसं मेल्याची बातमी तरी नाही.”

जीप गजेंद्रच्या गॅरेजमध्ये आणली. गजेंद्र पंचेचाळिशीचा, अमरावतीतला जुन्या गाड्यांचा एकमेव वैद्य. त्याने खाली वाकून, आडवं होऊन, अर्धा तास तपासलं आणि उठून म्हणाला, “साहेब, इंजिन जित्तं हाय. हे चांगली खबर झाली. बाकीची मी रोज थोडी थोडी देत जाईन.”

पण आजचा खरा आनंद वेगळाच. ड्रायव्हरच्या सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, जीपचं लॉगबुक सापडलं! पोलीस गाडी फाटकाबाहेर पडली की ड्रायव्हरने लिहायचं असतं: तारीख, वेळ, किलोमीटर, कारण, सोबत कोण. शेवटी साहेबांची सही. हे १९९३ आणि ९४चं. ड्रायव्हर शेषराव, सही फौजदार खुशालराव यांची. आता शेषरावाला शोधायचं.

१ सप्टेंबर, रविवार

सापडला. अकोल्यात राहतो, सत्तरीचा, पाठ अजून परेडला उभं असल्यासारखी ताठ. मी फोटो दाखवला तर आधी चष्मा पुसला, मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या घरातली म्हैस चोरून तिला पोपटी रंग दिला.

“काहून असा रंग देला हिले?”

“मी नाही दिला, भाऊ. मी काढणार आहे.”

“मंग मी येतो,” म्हणाला. “तुमाले नाई जमनार. तुमी लिहिनारे लोकं.”

त्याच्या बायकोने, आशाबाईंनी, चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, “रिटायर झाल्यापासून गप गप असते मानूस. न्या बापा, कुठंतरी न्या.”

दर रविवारी सकाळच्या गाडीने बडनेरा स्टेशनला उतरतो म्हणाला. मी लॉगबुकाचं सांगितलं. त्याचा चहाचा कप बशीवर वाजला. उतारवयात हात कापतातच.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पोलीस खात्याचं पत्र आलं! दोन जानेवारीला, पोलीस स्थापना दिनी, अकोल्याच्या मैदानावर जीप मांडायला परवानगी. पुढे पाटी असणार: ‘फौजदार खुशालराव यांची जीप’. खुशालराव आता हयात नाहीत, पण खात्यात अजून नाव निघतं. अट एकच: रस्त्याने आणताना ‘पोलीस’ ही अक्षरं झाकून आणावीत. योग्यच आहे. गाडीवर उगाच ‘पोलीस’ लिहिणाऱ्यांविरुद्ध मीच एकदा चार लेखांची माला लिहिली होती.

२९ सप्टेंबर, रविवार

शेषराव हे एक चालतं-बोलतं भाष्य आहे. प्रत्येक भोकाचा त्याला अर्थ ठाऊक. “इथी लाठ्या राहत. इथी वायरलेस. हा खिळा टोपीसाठी, साहेबांची टोपी वाऱ्यानं उडे.” मी भराभर लिहून घेतो. गजेंद्र वैतागतो, पण ऐकतो.

आज पत्र्याचं छप्पर उतरवलं. मूळचा ताडपत्रीचा सांगाडा खाली शाबूत. त्या सांगाड्याच्या मागच्या भागात दोन आडव्या दांड्यांना दोन जाड, पिळाचे हुक जोडलेले. अगदी पक्के. कंपनीच्या नकाशात ते नाहीत, खात्याच्या यादीतही नाहीत.

“हे कशाचे?” मी विचारलं.

शेषराव दुसरीकडे बघायला लागला. “कशाचेई नाई. कापून टाका.”

“कापून कसं चालेल? नोकरीत होती तशी करायची आहे ना?”

“महाराज, मी सांगून राहिलो, कापा. दोर अडकवाले होते. दोर गेला, हुक गेले.”

गजेंद्रने कापायचं यंत्र उचललं होतं, मी ते खाली ठेवायला लावलं. तीस वर्षांच्या पत्रकारितेत मी एक गोष्ट शिकलो: माणूस जे कापायला सांगतो, तिथेच बातमी असते.

१२ ऑक्टोबर, दसरा

गजेंद्रच्या गॅरेजात जीपची पूजा केली. पौरोहित्य अस्मादिकांचं. शेषरावाने हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बॉनेटला हात लावून थोडा वेळ उभा राहिला.

मग सगळे अकोल्याला, त्याच्याकडे जेवायला. त्याची एकुलती एक मुलगी पौर्णिमा आली आहे, नागपूरच्या शाळेत शिकवते. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर आता पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. आशाबाई म्हणाल्या, “हे त्र्याण्णवची, दिवाळीच्या तोंडावर झाली. मी बापा, तवा दोन महिने दवाखान्यातच होती. टायफॉइड. लेकरू पाह्यलं नाई मी. माह्याकडे कोनी बाई नोती येऊन राहाले.”

“मग सांभाळलं कोणी?” कुंदाने विचारलं.

“यायनंच,” म्हणत त्यांनी शेषरावाकडे बोट केलं. शेषरावाने वरणात भाकरी कुस्करायला सुरुवात केली.

पौर्णिमा स्टेशनवरून येताना ऑटोत बसली तशी झोपून गेली होती म्हणे. “गाडी सुरू झाली का मले झोप. लहानपनापासून,” हसून म्हणाली.

पुरणपोळी फार छान होती.

२० ऑक्टोबर, रविवार

लॉगबुक आज नीट वाचलं.

११ नोव्हेंबर १९९३ ते ७ जानेवारी १९९४. ओळीने अठ्ठावन्न रात्री. प्रत्येक नोंद एकसारखी: ‘रात्रगस्त. सोबत एक इसम.’ नाव नाही, गाव नाही, गुन्हा नाही. खाली फौजदारांची सही. त्याआधी असं काही नाही, त्यानंतर नाही.

आणखी एक. ११ नोव्हेंबरपासून शेरा: ‘सायरन नादुरुस्त’. ८ जानेवारीला: ‘सायरन दुरुस्त’. अगदी तेवढेच दिवस! म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

अठ्ठावन्न रात्री एका माणसाला बेनामी डांबून फिरवलं. कुठे? त्या जीपमध्ये. कसं? वर दोन हुक आहेत.

२७ ऑक्टोबर, रविवार

पुरावा.

गजेंद्रने आज तळाचा पत्रा उचलला. फटीत अडकलेले दोन जिन्नस मिळाले, तिसरा वर हुकावर. एक: हरभऱ्याएवढं घुंगरू. दोन: काळा दोरा, त्यात दोन काळे मणी, मनगटाला बांधायचा असावा, पण अतिशय अरुंद. म्हणजे इसम हडकून गेलेला, उपाशी ठेवलेला. तीन: एका हुकाला रंगाखाली चिकटलेली जुन्या लुगड्याची चिंधी. फार मऊ. तोंडात बोळा कोंबायला कापड मऊच लागतं.

मी पाठशाळेतल्या न्यायशास्त्रासारखं मांडलं: पक्ष, हेतू, साध्य. हुक हा हेतू, म्हणजे पुरावा. उभ्या माणसाचे हात वर बांधायला छप्पर बुटकं आहे, म्हणजे बसवून बांधत असणार. अनुमान निर्दोष आहे.

शेषराव आज इंजिनाचा आवाज लावत होता. गजेंद्र म्हणाला, चालतंय की. शेषराव म्हणे, “नाई. थोडा कमी. आता थोडा वर. हां. याच आवाजानं झोप लागते.”

“कोनाले?” गजेंद्रने विचारलं.

तो पुन्हा बॉनेटखाली वाकला. मी मात्र मनात म्हटलं: गुंगी. त्या इसमाला गुंगीचं औषध देत असतील.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शेषराव पेढे घेऊन आला. पौर्णिमाला मुलगी झाली. “रडते भाऊ, काय रडते! मायवर गेली.” इतका खुललेला त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी एक पेढा उचलला आणि डबा फ्रीजवर ठेवून दिला. एकाच माणसात असं दोन्ही कसं राहतं?

८ डिसेंबर, रविवार

रंग लागला! गडद निळा, वर पिवळा पट्टा, आणि गजेंद्रच्या मित्राने, भगवंतने, ब्रशाने ‘पोलीस’ लिहिलं; संगणकावर काढलेलं नाही, हाताने, ‘स’ची शेपटी थोडी वाकडी, जशी होती तशी. ताडपत्री नवी, पण जुन्या शिवणीची. सायरन दाबला तर शेजारचे तीन दुकानदार दुकानं बंद करून आले. मी पुढच्या सीटवर बसून पाहिलं. चोपन्न वर्षांचा माणूस इतका खूश असणं शोभत नाही, पण बघायला फक्त गजेंद्र होता.

शेषरावाने पुन्हा हुक काढायला सांगितलं. या वेळी हात जोडून. “पायजे तं माह्याकडून सारी गाडी घासून घ्या, पन ते तेवढे काढा महाराज. साहेबांच्या नावाची पाटी लागनार हाय.”

मी म्हटलं, बघू.

२२ डिसेंबर, रविवार

लेख लिहून झाला. ‘अठ्ठावन्न रात्रींचा अनामिक’. संपादक कुलदीप माझ्याहून वीस वर्षांनी लहान. गेली दोन वर्षं त्याने माझं काही पान पाचच्या पुढे आणलेलं नाही. आज फोनवर किंचाळला, “कमलाकांतजी, पहिलं पान! दोन तारखेलाच टाकू, तिकडे कार्यक्रम चालू असताना!”

तीस वर्षं ज्या बातमीची वाट पाहिली ती हातात आहे. खुशालरावांचं नाव जाईल, शेषरावाची अब्रू जाईल. जावी का? गेली पाहिजे असं डोकं म्हणतं. शेषरावाचा पेढ्याचा डबा अजून फ्रीजवर आहे.

उद्या पाठवतो.

२३ डिसेंबर, सोमवार

पाठवायच्या आधी कुंदाला वाचून दाखवला. हुकांचे फोटो, घुंगरू, दोरा, चिंधी टेबलावर मांडली. तिने तो काळा दोरा उचलला आणि स्वतःच्या दोन बोटांभोवती गुंडाळून पाहिला. बरोबर बसला.

मग तिने वर पाहिलं. आमच्या मधल्या खोलीच्या छताला दोन कड्या आहेत. एकीला मी रद्दीची पिशवी अडकवतो, दुसरीला छत्री.

“त्या कड्या कशाला लावल्यात, सांगा,” ती म्हणाली.

“रद्दीला.”

“आणि छत्रीला?”

“हो.”

ती हसली, पण डोळे हसत नव्हते. “ईशान आणि अवनी, दोघं मिळून चार वर्षं. तुम्ही घरी कधी होतात हो?”

आमच्या पोरांचा या प्रकरणाशी काय संबंध, मला कळलं नाही. विषयांतर ही कुंदाची जुनी सवय. मग म्हणाली, “छापण्याआधी दुसरी बाजू विचारावी, असं तुम्हीच शिकाऊ पोरांना सांगता ना? उद्या अकोल्याला जा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका, घरात बाळंतीण आहे.” तिने स्वतः शिवलेलं दुपटं माझ्या पिशवीत घातलं, लेखाच्या वर.

२४ डिसेंबर, मंगळवार

हे सगळं जसं झालं तसं लिहितो, मला शोभत नसलं तरी.

शेषरावाच्या घरात शिरलो. मधल्या खोलीत बाळ रडत होतं. मी आरोप करायच्या तयारीने पिशवीत हात घातला, लेख काढायला, तर हाताला आधी दुपटं लागलं. ते बाहेर काढलं. आशाबाई “या बापा” म्हणाल्या आणि मला आत नेलं.

छताला दोन हुक. जाड, पिळाचे. त्याच हाताने वळवलेले, त्याच सळईचे. त्यांना जुन्या लुगड्याची झोळी. झोळीत ती महिन्याभराची पोर, लालबुंद, मुठी आवळून किंचाळत होती. मनगटावर काळा दोरा, दोन काळे मणी, हरभऱ्याएवढं घुंगरू.

पाठशाळेत दोष असलेल्या हेतूला हेत्वाभास म्हणतात, परीक्षेत त्याचे पाचही प्रकार मी लिहिले होते. आज खोलीच्या मधोमध उभा राहून ते पाचही मीच केलेले मोजत होतो.

शेषराव मागे आला. माझ्या पिशवीतून लॉगबुकाच्या झेरॉक्स डोकावत होत्या. त्याने त्या पाहिल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

“वाचलं ना तुमी,” म्हणाला. “मले वाटलंच होतं. तुमी लिहिनारे लोकं.”

“भाऊ, तो इसम...”

“हे पोर्णिमा होय. सहा दिवसाची होती. माय दवाखान्यात, मी रातपाळीले. क्वार्टरात कोनापाशी ठिवू? इतकी रडे का लाइनीतले लोकं भांडाले येत. एक दिवस जीपमंदी घेऊन बसलो अन् इंजिन सुरू केलं, तं चूप. साहेबांनी पाह्यलं. मी म्हटलं, आता नोकरी गेली. तं साहेब म्हनाले, ‘शेषराव, वर हुक लावून घे, मांडीवरून पडन ते.’ दूध त्यायच्या घरून ये. सायरननं ते दचके, तं साहेबांनी सायरनच बंद लिहून देला. अन् मी म्हटलं, सोबत कोन लिहू? तं हसले. म्हनाले, खोटं नको लिहू. एक इसम लिही.”

मी बसलो. खाली, त्याच्याशेजारी.

“सरकारी गाडीत घरचं लेकरू,” तो पुढे म्हणाला, “चौकशी लागते महाराज. आताबी लागते. माही पेन्शन बंद करतीन तं करतीन, पन साहेबांच्या पाटीपुढं लोकं बोटं दाखवतीन. त्यायनं माह्यासाठी सही देली. म्हनून म्हनतो, हुक कापा.”

मी लेखाचे कागद काढले, दोनदा दुमडले, आणि आशाबाईंना विचारलं, चूल आहे का. त्या म्हणाल्या, गॅस आहे. तेव्हा फाडले.

तेवढ्यात झोळीची दोरी सोडून पौर्णिमा पुढे आली. ती सगळं ऐकत होती.

“बाबा, एकतीस वर्षं झाले. मले काहून नाई सांगतलं?”

“काय सांगू? का तुले मुजरिमासारखं फिरवलं?”

“हुक कापाचे नाई,” ती माझ्याकडे वळून म्हणाली. “ते गाडीचे नाईत, माहे हायेत.”

रात्री कुलदीपला फोन केला. लेख नाही, म्हटलं. का, म्हणाला. बातमी खोटी निघाली, म्हटलं. त्याने फोन आपटला. कुंदाला सगळं सांगितलं. तिने फक्त रद्दीची पिशवी कडीवरून काढून कोपऱ्यात ठेवली.

२ जानेवारी २०२५, गुरुवार. अकोला

अमरावतीहून पहाटे निघालो. ‘पोलीस’ या अक्षरांवर कुंदाच्या गुलाबांच्या चादरी बांधलेल्या. चालवायला शेषराव, खाकी शर्ट इस्त्रीचा. मुर्तिजापूरच्या नाक्यावर एका हवालदाराने अडवलं; चादर उचलून पाहिलं, शेषरावाकडे पाहिलं आणि कडक सॅल्यूट ठोकला. शेषरावाने स्टिअरिंगवरचा हात उचलून तो तितक्याच कडक परत केला.

मैदानावर चादरी काढल्या. लोक जमले, पोरं चढली, सायरन सतराशे वेळा वाजला. पाटी लागली: ‘फौजदार खुशालराव यांची जीप’. आशाबाई आणि पौर्णिमा बाळाला घेऊन आल्या. अकरा वाजता पाहणीला एक बाई अधिकारी आल्या, चाळिशीच्या, नजर करवतीसारखी. लाठ्यांची जागा, वायरलेस, टोपीचा खिळा, सगळं बघितलं. मग मान वर केली.

“हे हुक कशाचे?”

शेषराव सावधानमध्ये उभा. घाम कपाळावर. मी त्याच्या बाजूने खोटं बोलायला तोंड उघडलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. पण त्याच क्षणी मागे कुणीतरी सायरन दाबला, आणि पौर्णिमाच्या खांद्यावरची पोर दचकून असं ओरडली की बँडवाले थांबले. पौर्णिमा थोपटते, आशाबाई थोपटतात, काही नाही.

शेषरावाने एकदा साहेबांच्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाला, “मॅडम, दोन मिनिटं.” आणि आशाबाईंच्या खांद्यावरची लुगड्याची झोळी घेतली, दोन्ही हुकांना गाठी मारल्या, पोर आत ठेवली आणि पुढे जाऊन किल्ली फिरवली. थोडा कमी. थोडा वर.

पोर चूप.

मॅडम झोळीकडे पाहत राहिल्या. मग हुकांकडे.

“हे नियमात बसतं का?”

“नाई बसत, मॅडम.”

“तेव्हाही बसत नव्हतं?”

“नाई, मॅडम. साहेबांले मालूम होतं.”

त्यांनी पाटी वाचली. “मग इंजिन बंद करू नका,” म्हणाल्या, आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. जाता जाता हवालदाराला सांगितलं, “अन् तो सायरन नादुरुस्त आहे असं समजा.”

परत निघताना मी माझ्या पुरुषार्थाकडे, म्हणजे पुढच्या सीटकडे, वळलो. तिथे पौर्णिमा बसली होती, बसल्या बसल्या झोपलेली. मग काय, मागे चढलो, लाठ्यांच्या जागेशेजारी. झोळीची दोरी माझ्या हातात आली. ओढली की गप्प, सोडली की किंचाळते. त्यांच्या घराच्या वळणापर्यंत ओढली, तिथून शेषरावाने मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, तेव्हाही ओढली. कुंदा समोर बसून बघत होती. ईशान-अवनीच्या वेळची दोरी मी कधी हातात घेतली नव्हती.

घरापाशी गाडी थांबली. शेषरावाने हत्यारांच्या पेटीतून जुनं लॉगबुक काढलं, शेवटचं कोरं पान उघडलं आणि खिशातल्या पेनाने सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं:

‘२-१-२५. बंदोबस्त. सोबत एक इसम.’

मग वही माझ्यापुढे धरली. सहीच्या रकान्यात बोट ठेवून म्हणाला, “करा महाराज.”

डाव्या हाताने केली. उजव्यात दोरी होती.